पहिलीच्या पोराला तिसरीचं माप

‘पहिलीच्या पालकांनो, वेळीच जागे व्हा!’ असा एक मेसेज शाळा सुरू झाल्यापासून फिरतोय. पानभर उद्गारचिन्हं आणि खाली ‘एका अनुभवी शिक्षणतज्ज्ञांकडून’. तज्ज्ञांचं नाव मात्र कुठेच नाही. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर आला तेव्हा मी न वाचताच पुसून टाकला होता. परवा तोच धाकट्या बहिणीने पाठवला, खाली एकच ओळ: ‘ताई, आपल्या पिल्लूचं कसं होणार गं?’ पिल्लू सहा वर्षांचा आहे. फोन केला तर कळलं की बाईसाहेबांनी त्याच्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात द्यायला सुरुवातही केली आहे, आणि मेसेजखालच्या नंबरावर ‘मोफत चाचणी’ची वेळही घेतली आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. इतरांचं राहू दे, पण घरातच आग लागल्यावर गप्प कशी बसू?

मेसेज म्हणतो, दिवाळीपर्यंत मुलाला मराठी आणि इंग्रजी अस्खलित वाचता आलंच पाहिजे. पी हळद अन् हो गोरी! सरकारने याचं माप ठरवून दिलंय आणि ते कुणालाही पाहता येतं. जुलै २०२१ मध्ये केंद्राने लहान मुलांच्या वाचन-गणितासाठी निपुण भारत अभियान सुरू केलं, त्यात इयत्तावार लक्ष्यं आहेत. पहिलीच्या शेवटी मुलाने चार-पाच सोप्या शब्दांचं, आधी न पाहिलेलं छोटं वाक्य वाचावं आणि ९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्या-लिहाव्या, सोपी बेरीज-वजाबाकी करावी. पहिलीच्या शेवटी म्हणजे एप्रिलमध्ये, दिवाळीत नव्हे. दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या शेवटी किमान ६०. मेसेजवाल्याचं ‘अस्खलित’ म्हणजे हे तिसरीचं माप. ते सहा वर्षांच्या पोराच्या अंगावर चढवायचं आणि मग सदरा ढगळ होतो म्हणून पोराला बोल लावायचा!

त्यात सगळी पोरं एका वयाचीही नसतात. आपल्याकडे ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होत असतील तर पहिलीत प्रवेश मिळतो. म्हणजे जूनमध्ये एकाच बाकावर साडेपाच वर्षांचा एक आणि साडेसहाची दुसरी बसलेली असते. एका वर्षाचा हा फरक त्या वयात फार मोठा असतो. तिला क, म, ल जोडून ‘कमल’ जमतंय आणि याला अजून ‘क’चा कान कुठल्या बाजूला ते आठवत नाही. यात आईबापाचं काही चुकलेलं नसतं.

आता ज्याने माझं डोकं फिरलं तो मुद्दा. ‘मूल अक्षरं किंवा अंक उलटे काढत असेल किंवा डाव्या हाताने लिहीत असेल तर तो डिस्लेक्सिया आहे. तीन महिन्यांत उपचार न केल्यास दोष कायमचा राहतो.’

डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अवघड जाणं. ते असं ठरवायचं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. माझ्या वर्गात दरवर्षी ऑगस्टमध्ये निम्म्याहून जास्त पाट्यांवर ३ चा ६ आणि ६ चा ३ झालेला असतो. होणारच! दोन्हींचं तोंड तेवढं वेगळ्या बाजूला. एकमेकांकडे पाठ करून बसतात म्हणून तर आपण ‘छत्तीसचा आकडा’ म्हणतो. पोराने तोवर जगात जे जे पाहिलं त्यात बाजूला काही किंमत नव्हती. कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, कप तो कपच. आणि अचानक आम्ही सांगतो, बाळा, इथे मात्र तोंड फिरलं की वस्तूच बदलते. हे डोक्यात बसायला वेळ लागतो. सहा-सात वर्षांपर्यंत अशी उलटापालट अगदी सर्रास दिसते आणि सरावाने बहुतेकांची जाते. घ-ध, म-भ यांचं तर विचारूच नका. शिरोरेषा कुठे तोडायची एवढाच फरक, तो मोठ्यांच्या घाईच्या अक्षरातही दिसत नाही.

अंकांत आणखी एक मराठी गंमत आहे. पोर ‘पंचवीस’ ऐकतं, त्यात आधी पाच येतो, मग वीस. ते इमानदारीने ५२ लिहितं. ‘एकोणतीस’ ऐकून ३९ लिहिणारे दर वर्षी भेटतात, कारण ‘तीस’ तर ऐकू आला ना! २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ अशी वाचनाची पद्धत दिली तेव्हा राज्यभर टिंगल झाली. मलाही ‘पंचवीस’च गोड लागतं, पण पोरं कुठे अडतात हे त्या पुस्तकवाल्यांना कळलं होतं, एवढं मान्य करायला हवं. तर सांगायचं असं की पंचवीसचे बावन्न करणाऱ्या पोराच्या डोक्यात बिघाड नाही, त्याचा कान शाबूत आहे.

आणि डिस्लेक्सिया? तो खरा असतो. माझ्या हाताखालून गेलेल्या काही मुलांना तो होता आणि त्यांना वेळेवर मदत मिळायला हवी होती. पण तो फोनवर मेसेज वाचून कळत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली जानेवारी २०१८ मध्ये केंद्राने जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात शिक्षकांनी मुलांची प्राथमिक चाळणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा करावी असं म्हटलंय. पहिलीच्या पोराला वाचायला अजून नीट शिकवलेलंच नसतं, मग वाचता येत नाही हा दोष कसा ठरवणार? ‘तीन महिन्यांत’ची घाई कुणाला आहे ते मेसेजखालचा नंबर लावला की कळतं. बहिणीला तिथून चाचणीआधीच सहा महिन्यांच्या कोर्सची फी सांगितली गेली. ताकाला जाऊन निदान भांडं तरी लपवायचं!

डाव्या हाताचं तर बोलायलाच नको. दहातला साधारण एक माणूस डावखुरा असतो. सचिन तेंडुलकर बॅटिंग उजव्या हाताने करायचा आणि सही डाव्या हाताने करतो, त्याचं काय अडलं? माझ्या बहिणीने हात बदलायला लावल्यापासून पोरगं सकाळी ‘पोट दुखतंय’ म्हणून दप्तराला शिवेना झालं. डावखुऱ्या पोरासाठी करायचं एवढंच: त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी मारामारी होत नाही, वही जरा उजवीकडे कलती ठेवा आणि उजेड उजव्या बाजूने येऊ द्या. झालं.

बाकीचे मुद्दे पटापट उरकते. ‘रोज दीड तास घरी लिखाण’: केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठच नाही, आणि पहिली-दुसरीचं दप्तर १.६ ते २.२ किलोच्या आत हवं. तुमच्या शाळेत दोन्ही पाळलं जात नसेल तर पालकसभेत विचारा, पोराला का दामटता? ‘वीसपर्यंत पाढे पाठ हवेत’: गाण्यासारखे म्हणा की, मजा येते. पण बियांचे तीन-तीनचे गट मांडता येत नसतील तर ‘तीन साते एकवीस’ हे पोपटाचं बोलणं. ‘घरात मराठी बंद करा’ यावर मी वेळ घालवणार नाही. इंग्रजी मराठी शाळांतही २००० सालापासून पहिलीपासूनच आहे. त्यासाठी आजीला गप्प करायची गरज नाही. ‘शाळेत रडणाऱ्याला दोन फटके पुरतात’: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मारायलाच नव्हे, मानसिक छळालाही बंदी घातली आहे. तसंही गणपतीच्या सुट्टीपर्यंत कुणी ना कुणी दारात रडतंच. सुट्टीनंतर पुन्हा दोन दिवस रडतं, मग थांबतं.

या वर्षी खरंच काय दिसेल? ‘आज काय शिकवलं?’ला ‘काही नाही’ हे उत्तर रोज मिळेल. खोडरबर आठवड्याला हरवेल. संध्याकाळी पोर चिडचिडं होईल, कारण दिवसभर एका जागी बसणं हेच त्याचं मोठं काम असतं. दुधाचे दात पडतील आणि ‘स’ फुसफुसेल, ते शुद्धलेखनातही उतरेल. ‘पहिला नंबर कुणाचा’ हा प्रश्न आम्हाला विचारू नका. पहिलीत ७० गुण वर्षभराच्या आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे वर्गातल्या रोजच्या कामाचे, आणि ३० संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे असतात, निकाल श्रेणीत मिळतो.

मेसेजमधली एक गोष्ट अर्धी खरी आहे, नाइलाजाने म्हणते. ‘नापास करत नाहीत म्हणून पालक झोपून राहतात.’ काही राहतात. पहिली-दुसरीत मागे पडलेलं पोर पुढे आपोआप सावरत नाही. तिसरीत पुस्तक वाचून शिकायची वेळ येते आणि ते बाजूला पडतं. म्हणून जानेवारीत बाईंना भेटा आणि नेमकं विचारा: कोणती अक्षरं ओळखतो, दोन अक्षरी शब्द जोडतो का, वीसपर्यंत वस्तू मोजून देतो का. तो फळ्यावरचं बघताना डोळे बारीक करत असेल किंवा हाक मारल्यावर वळत नसेल तर आधी डोळे-कान तपासा. सरकारी शाळेत त्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, फुकट. गेल्या वर्षी माझ्या वर्गात ज्या मुलीला सगळे ‘ढ’ म्हणत होते तिला चष्मा लागला. बहिणीला सांगितलंय, ती चाचणी रद्द कर आणि पेन्सिल त्याच्या हातात दे, तो धरेल त्या.