आगशीचे वांगे आणि कडेची चार झाडे

गेल्या हिवाळ्यात गोव्यातल्या आगशीला मावशीच्या मळ्यात गेलो, तेव्हा ती वांग्याच्या झाडांचे माना टाकलेले शेंडे खुडून पिशवीत भरत होती. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी अंड्यातून बाहेर पडल्यावर काही तासांतच आत शिरते आणि एकदा शिरली की वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही; म्हणून ती बाहेर असण्याचा तेवढा वेळ गाठण्यासाठी पुन्हा पुन्हा फवारावे लागते. मावशीही फवारते. घरी कापे करण्यासाठी मात्र ती कडेच्या चार झाडांची वांगी वापरते, कारण त्यांवर ती औषध मारत नाही. हे कळल्यापासून माझे मन स्वस्थ नाही.

या अळीवर उपाय आपल्याच देशात तयार झाला होता. मातीत राहणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस (बीटी) या जीवाणूचे एक जनुक वांग्यात घातले की झाड स्वतःच एक प्रथिन बनवते, जे अळीच्या अल्कधर्मी आतड्यातील विशिष्ट ग्राहकांना (पेशींवरील रिसेप्टरना) चिकटून तिथे छिद्रे पाडते. माणसाच्या आतड्यात ते ग्राहक नसतात, आणि याच जीवाणूची फवारणी सेंद्रिय शेतीतही मान्य आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये तज्ज्ञ समितीने बीटी वांग्याला मंजुरी दिली. ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. बांगलादेशाने मात्र २०१३ मध्ये परवानगी दिली आणि पुढच्याच वर्षी २० शेतकऱ्यांना रोपे वाटली. तिथले वाण सरळ, म्हणजे संकरित नसलेले, असल्यामुळे शेतकऱ्याला घरचे बी धरता येते, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या धारवाडच्या कृषी विद्यापीठानेही स्थानिक वांग्यांत हे जनुक घातले होते. पण ते वाण वापरताना जैवविविधता कायद्यानुसार आवश्यक परवानगी घेतली नाही, असा आक्षेप आला आणि २०११ मध्ये राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने कायदेशीर कारवाईचा निर्णय घेतला. तो आक्षेप मला रास्त वाटतो. भौगोलिक मानांकन मिळालेल्या आगशीच्या वांग्यात उद्या कोणी जनुक घालणार असेल, तर त्याने आधी आगशीच्या शेतकऱ्यांना विचारले पाहिजे, आणि तयार झालेले बी सार्वजनिक संस्थेकडेच राहिले पाहिजे.

बीटीने सगळे प्रश्न सुटतील, असे मी म्हणत नाही. आपल्या किनारपट्टीवर वांग्याला ग्रासणाऱ्या जिवाणूजन्य मर रोगावर या जनुकाचा काहीच उपयोग नाही. पांढऱ्या माशीवरही नाही. शिवाय विदर्भातील कापसाचा अनुभव समोर आहे. २००२ मध्ये बीटी कापूस आला, बीटीविरहित आश्रय ओळी बहुतेकांनी लावल्याच नाहीत, आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरून टाकली. आश्रय ओळींवर जगलेले साधे पतंग प्रतिकारक्षम पतंगांशी संकरित झाले, तरच पुढची पिढी त्या प्रथिनाला बळी पडत राहते. म्हणून या बियाण्याबरोबर साध्या वांग्याचे बीही सक्तीने दिले जावे आणि ते खरोखर लावले जाते की नाही, हे कृषी खात्याने मळ्यात येऊन पाहावे.

मावशीला मी हे समजावून सांगितले, तेव्हा तिने एवढेच विचारले, "म्हणजे कडेची ती चार झाडे तशीच ठेवायची ना?" तशीच ठेवायची, फक्त चारने भागणार नाही, एखादी पूर्ण ओळ सोडावी लागेल.