प्रॉडक्शनमधून क्वालिटीत जायचंय? लाल पेटीपासून सुरुवात करा

चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर... कुठल्याही एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात जा. चार-पाच वर्षं मशीन शॉप सांभाळलेल्या डिप्लोमावाल्या सुपरवायझरच्या मनात बऱ्याचदा एकच असतं: याच कंपनीत क्वालिटीला जायचं. इच्छा रास्त आहे. अडतं ते तयारीपाशी. अंतर्गत भरतीची नोटीस लागेपर्यंत बहुतेक जण थांबतात आणि मग आठवड्याभरात अर्ज खरडतात. तोवर क्वालिटी हेडच्या डोक्यात एखादं नाव पक्कं झालेलं असतं.

माझ्या मते ते नाव ठरतं लाइनवरच्या लाल पेटीवरून, म्हणजे रिजेक्ट माल टाकायच्या पेटीवरून. महिनाअखेरीला डिस्पॅच अडलाय म्हणून मर्यादेबाहेरचा माल ‘चालतंय, सोडा’ म्हणत पुढे ढकलणारा सुपरवायझर क्वालिटीवाल्यांना नावानिशी माहीत असतो. बोअर (पार्टमधल्या भोकाचं माप) सरकला म्हणून स्वतःहून मशीन थांबवणारा, शेवटच्या बरोबर नोंदीनंतरचा सगळा माल बाजूला काढून तपासायला लावणारा, तोही माहीत असतो. म्हणून आजपासून लाल पेटीत पडणाऱ्या प्रत्येक नगावर टॅग लावा: तारीख, शिफ्ट, मशीन, दोष, प्रत्यक्ष माप. नुसतं ‘बोअर ओव्हरसाइज’ लिहून भागत नाही. किती मायक्रॉनने, हे हवं. तीन महिन्यांच्या टॅगांवरून पॅरेटो, म्हणजे जास्त वेळा येणारा दोष आधी असा उतरत्या क्रमाचा तक्ता, काढा. 10,000 नगांत 40 रिजेक्ट म्हणजे 4,000 पीपीएम (दर दहा लाखांमागे). अर्जात याच भाषेत लिहा, सुधारणेआधीचा आकडा आणि नंतरचा आकडा शेजारी शेजारी.

आता कोअर टूल्स, म्हणजे गाड्यांच्या उद्योगातल्या क्वालिटीच्या पाच मूळ पद्धती. एपीक्यूपी (नव्या पार्टच्या क्वालिटीचं आगाऊ नियोजन), पीपॅप (उत्पादनाआधी कस्टमरची मंजुरी), एफएमईए (काय बिघडू शकतं याचा आधीच विचार), एमएसए (मोजमाप पद्धतीची तपासणी), एसपीसी (आकडेवारीवरून प्रोसेसवर नियंत्रण) या पाचही विषयांवर दोन दिवसांचे कोर्स मिळतात. करा, हरकत नाही. पण स्वतःच्या लाइनवर केलेला एकच गेज आर अँड आर (मापांतल्या एकूण फरकात गेजचा आणि मोजणाऱ्याचा वाटा किती टक्के, याची चाचणी) मुलाखतीत त्या सर्टिफिकेटांपेक्षा जास्त बोलतो. 10 नग, 3 ऑपरेटर, प्रत्येकी 3 वेळा, एकूण 90 नोंदी. नेहमीची चूक इथेच होते. लागोपाठ निघालेले 10 नग उचलले जातात, ते जवळपास सारखेच असतात, नगानगांतला फरक दिसतच नाही आणि चांगल्या गेजचाही टक्का 30 च्या वर जातो. नग वेगवेगळ्या दिवसांचे, वेगवेगळ्या शिफ्टचे घ्या, म्हणजे प्रोसेसचा खरा पसारा त्यात येतो. नंबर ऑपरेटरला दिसणार नाहीत असे टाका, क्रम बदलत राहा, आणि आधीची नोंद त्याच्या समोर ठेवू नका. 10 टक्क्यांच्या आत आलं तर गेज चांगला. 10 ते 30 मध्ये आलं तर कामाचं महत्त्व बघून ठरवायचं. 30 च्या वर गेज बाजूला, आणि त्या गेजवर काढलेला सीपीके (प्रोसेस मर्यादेत किती नीट बसते, याचा आकडा) तोही बाजूला. हा शेवटचा धागा ज्याला जोडता येतो, त्याची मुलाखत फार लांबत नाही.

एट-डीचंही, म्हणजे तक्रार आठ पायऱ्यांत सोडवण्याच्या पद्धतीचंही, तसंच. कस्टमर कम्प्लेंट आली की प्रॉडक्शनचा माणूस म्हणून मीटिंगला जाताच, मग कारणशोधाचा भाग मागून घ्या. ‘ऑपरेटरला समज दिली, पुन्हा ट्रेनिंग दिलं’ एवढ्यावर केलेला उपाय कस्टमर परत पाठवतो आणि पाठवायलाच हवा. ‘का’ची साखळी दोनदा लावा: दोष का झाला, आणि झालेला दोष आपल्या गेटबाहेर का गेला. दुसरी साखळी बहुतेकांची अर्धवट असते. लाइन रोज बघणाऱ्या माणसाला ती ऑफिसात बसलेल्यापेक्षा चांगली लावता येते. तुमचं खरं भांडवल हेच आहे, ते वापरा.

इंटर्नल ऑडिटरच्या यादीत नाव घालायला सांगा. आयएटीएफ 16949 (गाड्यांच्या उद्योगाचं क्वालिटी मानक) असलेल्या प्रत्येक कंपनीला प्रशिक्षित अंतर्गत ऑडिटर लागतात, आणि स्वतःच्या कामाचं ऑडिट स्वतः करता येत नसल्याने तुम्हाला दुसऱ्याच विभागात पाठवतात. हीट ट्रीटमेंट, स्टोअर, पॅकिंग, सगळीकडचा कंट्रोल प्लॅन, म्हणजे कुठे काय आणि कसं तपासायचं याचा तक्ता, हातात येतो. यासारखी फुकट शाळा नाही.

एवढं करूनही सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते स्वतःच्या साहेबांपाशी. त्यांची अडचण खरी असते: तुम्ही गेलात तर सेकंड शिफ्ट कोण बघणार? ‘मला सोडा’ म्हणण्याआधी याचं उत्तर तयार पाहिजे. लाइनवरच्या स्किल मॅट्रिक्समध्ये (कुणाला कुठलं काम किती येतं, याच्या तक्त्यात) दुसऱ्या पातळीवर असलेला कुणी हाताशी धरा आणि सहा महिन्यांत त्याला चौथ्या पातळीवर, म्हणजे इतरांना शिकवण्याइतका तयार करा. सेटिंग, इन्सर्ट (कापणारं पातं) बदलण्याची वेळ, मशीनच्या खोडी, सगळं त्याला लिहून द्या. मग साहेबांशी बोला, एचआरकडे जाण्याआधी आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. शेवटच्या आठवड्यात त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. बातमी त्यांना कँटीनमधून कळली, तर पुढचे सहा महिने सही होत नाही.

होकार आला की तीन गोष्टी लेखी घ्या. पहिली, सुटण्याची तारीख. ‘नवीन माणूस आला की सोडतो’ ही तारीख नव्हे, यात वर्ष निघून जातं. दुसरी, ग्रेड आणि पगार. बहुतेकदा बदली त्याच ग्रेडवर होते आणि जनरल शिफ्टला गेल्यावर शिफ्ट अलाउन्स बंद होतो, म्हणजे हातात येणारी रक्कम घटते. घरचे हप्ते बसवून हा हिशेब आधीच करा. तिसरी, अ‍ॅप्रेझल. एप्रिल ते मार्चच्या मधे बदली झाली, तर झालेल्या महिन्यांचं मूल्यमापन जुन्या साहेबांकडून निघण्याआधीच नोंदवून घ्या. नाही तर मार्चमध्ये नवे साहेब म्हणतात, मी तर याचं काम चारच महिने पाहिलंय, आणि जुने म्हणतात, आता तो माझा माणूस नाही.