मुलाची मुलाखत घेणाऱ्या केंद्राला मान्यता कशासाठी लागते?

अमेरिकेत बालकांवरील अत्याचाराच्या तपासाला मदत करणाऱ्या ‘चिल्ड्रन्स अ‍ॅडव्होकसी सेंटर’ या केंद्रांविषयी एक दावा तिथल्या मराठी पालकांमध्ये वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा आहे : नॅशनल चिल्ड्रन्स अलायन्स ही संस्था या केंद्रांना देते ती मान्यता हा निव्वळ कागदी सोपस्कार आहे, मुलाशी बोलण्याचे काम कोणताही समंजस पोलीस अधिकारी करू शकतो, मान्यतेच्या अटींमुळे मदतीला उशीर होतो, आणि आईवडिलांना खोलीबाहेर ठेवून मूल काढून घेणे हाच केंद्रांचा खरा हेतू असतो. असे वाचून एखादे कुटुंब केंद्रात जायला कचरले तर त्यात मुलाचेच नुकसान आहे, म्हणून या दाव्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

समंजसपणा पुरेसा असतो, हा समज अमेरिकेने फार मोठी किंमत देऊन सोडला. कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन या बालवाडीवर 1983 मध्ये आरोप झाले, तेव्हा शेकडो मुलांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. त्या घेणाऱ्यांची तळमळ खरी असेलही, पण त्यांनी सूचक प्रश्न विचारले, अपेक्षित उत्तर आले की शाबासकी दिली, इतर मुलांनी काय सांगितले हेही सांगून टाकले. खटला 1990 मध्ये संपला तेव्हा एकही आरोप सिद्ध झालेला नव्हता, आणि त्या मुलांपैकी कोणावर खरोखर काही गुदरले होते का, हे कळण्याचा मार्गही त्या मुलाखतींनीच बंद केला होता. अशा चुकीचा फटका मुलाला बसतो तसाच निर्दोष माणसालाही बसतो, ही गोष्ट हा दावा पुढे पाठवणाऱ्यांच्या लक्षात आलेली दिसत नाही. मुलाखतकाराने किमान 32 तासांचे विशेष प्रशिक्षण घेतलेले असावे, त्यानंतरही शिकत राहावे आणि आपल्या मुलाखती समव्यावसायिकांकडून नियमित तपासून घ्याव्यात, या अटींचे मोल त्यावरून ध्यानात यावे.

दुसरी बाजू तितकीच गंभीर होती. पोलीस, बाल संरक्षण विभाग, डॉक्टर आणि सरकारी वकील हे सगळे त्याच मुलाला तेच प्रसंग वेगवेगळ्या खोल्यांत पुन्हा पुन्हा सांगायला लावत. अलाबामा राज्यातील हंट्सव्हिल येथे सरकारी वकील बड क्रेमर यांच्या पुढाकाराने 1985 मध्ये पहिले केंद्र सुरू झाले, ते हे थांबवण्यासाठी. मूल एका प्रशिक्षित व्यक्तीशी बोलते आणि तपासाची जबाबदारी असलेले बाकीचे अधिकारी ती मुलाखत दुसऱ्या जागेतून पाहतात, ही पद्धत त्यातूनच रुजली.

आता कागदी सोपस्काराबद्दल. मान्यतेसाठी सर्व यंत्रणांनी स्वाक्षरी केलेला लेखी करार लागतो, प्रकरणांचा एकत्रित आढावा ठरावीक काळाने घ्यावा लागतो, आणि वैद्यकीय तपासणी व मानसोपचार कोण व कोणत्या पात्रतेवर करणार, हे दाखवावे लागते. बाहेरचे परीक्षक प्रत्यक्ष येऊन पाहणी करतात आणि पाच वर्षांनी पुन्हा मान्यता मिळवावी लागते. वैद्यकीय अटीचे महत्त्व विशेष आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या बहुसंख्य मुलांच्या शरीरावर तपासणीत काहीही आढळत नाही; हे ज्याला ठाऊक नाही असा डॉक्टर ‘काही झालेले नाही’ असे सांगून मोकळा होऊ शकतो. मान्यताप्राप्त केंद्रातील प्रत्येक मुलाखत निर्दोषच असते असे मात्र कोणी म्हणू नये. चूक झाली तर ती पकडली जाईल अशी व्यवस्था तिथे असते, एवढेच मान्यता सांगते.

उशिराचा मुद्दा टिकत नाही. तक्रार आली की तपास करणे हे पोलिसांचे आणि बाल संरक्षण विभागाचे कर्तव्य आहे आणि ते कोणत्याही केंद्राच्या मान्यतेवर अवलंबून नसते. मान्यतेच्या मार्गावर असलेली केंद्रेही मुलांना सेवा देत असतात.

राहिला मूल काढून घेण्याचा आरोप. केंद्राला तसा अधिकारच नाही. तो निर्णय बाल संरक्षण विभाग आणि न्यायालय यांच्या कक्षेत येतो. पालकांना मुलाखतीच्या खोलीत बसू देत नाहीत, हे खरे आहे, आणि त्या क्षणी आईच्या किंवा वडिलांच्या मनाची काय अवस्था होत असेल, हे कोणीही समजू शकेल. परंतु आईचा चेहरा उतरलेला पाहून मूल बोलायचे थांबते, किंवा तिला बरे वाटेल तेच सांगते. दरम्यान पालकांशी बोलण्यासाठी, पुढची प्रक्रिया समजावण्यासाठी आणि लागेल ती मदत मिळवून देण्यासाठी स्वतंत्र व्यक्ती असणे हीदेखील मान्यतेचीच अट आहे.

याच अटींमध्ये आपल्या कुटुंबांच्या उपयोगाची आणखी एक तरतूद आहे. इंग्रजी न येणाऱ्या मुलासाठी आणि त्याच्या कुटुंबासाठी तपासाच्या प्रत्येक टप्प्यावर भाषेची सोय करणे केंद्राला बंधनकारक असते. नुकतेच भारतातून आलेले मूल मराठीतच मोकळे होत असेल, किंवा सोबतच्या आजीला इंग्रजी कळत नसेल, तर पालकांनी भेटीची वेळ ठरवतानाच दुभाषा मागावा आणि ते काम मामा, काका किंवा कुटुंबाच्या ओळखीतल्या कोणाकडेही सोपवू नये.