ग्रिमाल्डींचं आडनाव आणि त्यांचे दोन जावई

'1297 मध्ये साधूच्या वेशात किल्ला जिंकणाऱ्या फ्रांचेस्को ग्रिमाल्डीचा थेट वंशज आजही मोनॅकोच्या गादीवर! सातशे वर्षं एकच रक्त, एकच आडनाव, एका दिवसाचाही खंड नाही. युरोपातलं सर्वांत जुनं राजघराणं. पण वारस संपला की फ्रान्स हा देश गिळणार!!' खाली हॉलिवूडची नटी ग्रेस केली हिचा नवरीच्या वेशातला फोटो आणि कुण्या चेटकिणीच्या शापाची एक ओळ.

मोनॅको म्हणजे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचा चिमुकला देश. त्याच्याबद्दलचा हा मजकूर फिरत फिरत माझ्यापर्यंत तीनदा आला. शापाचं सोडून देऊ, त्याला उत्तर काय देणार. बाकीच्या वाक्यांचा मात्र एकेक करून समाचार घ्यायला हवा, कारण त्यात थोडं खरं आहे आणि त्यामुळेच ती पटतात.

'फ्रांचेस्कोचा थेट वंशज'

फ्रांचेस्को खरा, वेशही खरा. 8 जानेवारी 1297 च्या रात्री फ्रान्सिस्कन साधूच्या झग्याखाली तलवार लपवून तो मोनॅकोतल्या किल्ल्यात शिरला (तेव्हा तो जिनोआ या इटालियन नगरराज्याच्या ताब्यात होता), दार उघडलं आणि साथीदारांना आत घेतलं. लोक त्याला 'मालिझिया' म्हणत, म्हणजे कावेबाज. मोनॅकोच्या राजचिन्हात ढालीच्या दोन्ही बाजूंना तलवार उपसलेले दोन साधू आजही उभे दिसतात, ते यामुळेच.

पण फ्रांचेस्कोला मूलबाळ नव्हतं. पुढचा वंश चालला तो नात्यातल्या रेनिएचा. तेव्हा 'थेट वंशज' हे पहिलंच विधान पहिल्याच पिढीत पडतं.

आडनावाचीही गंमत आहे. हे मूळचे जिनोआचे. बाराव्या शतकात तिथे ओत्तो कानेल्ला नावाचा कॉन्सल, म्हणजे शहराचा एक कारभारी, होता. त्याच्या मुलाचं नाव ग्रिमाल्दो. या ग्रिमाल्दोची पोरंबाळं ती ग्रिमाल्डी. आपल्याकडे कुणी गावावरून नगरकर झाला, कुणी वतनावरून कुलकर्णी, तसं हे पूर्वजाच्या पाळण्यातल्या नावावरून पडलेलं आडनाव. म्हणजे ज्या नावाला 'अनादि' म्हणून मिरवलं जातं, तेही एका टप्प्यावर कानेल्ला मागे टाकूनच आलेलं.

'एका दिवसाचाही खंड नाही'

1301 मध्ये, जेमतेम चार वर्षांनी, जिनोआवाल्यांनी त्यांना हाकललं. तीस वर्षांनी रेनिएचा मुलगा शार्ल परतला. 1357 मध्ये किल्ला पुन्हा जिनोआकडे गेला. शतकाच्या शेवटी थोडी वर्षं परत हाती आला, परत निसटला. कायमचा ताबा मिळाला तो 1419 मध्ये. साधूच्या वेशातल्या त्या रात्रीपासून मोजली तर पहिल्या सव्वाशे वर्षांत निम्म्याहून अधिक काळ मोनॅको दुसऱ्यांच्याच हातात होतं.

त्यानंतरचा मोठा खंड फ्रेंच क्रांतीच्या काळातला. फेब्रुवारी 1793 मध्ये फ्रान्सने मोनॅको सरळ जोडून घेतलं, ते 1814 पर्यंत. राजवाड्यातली चित्रं, सामानसुमान विकलं गेलं, कुटुंबातली माणसं तुरुंगात गेली. घराण्याची सून फ्रांस्वाज-तेरेझ हिला पॅरिसमध्ये मृत्युदंड झाला. आपण गरोदर असल्याचं सांगून तिने एक दिवस मिळवला, फुटक्या काचेने स्वतःचे केस कापून मुलींसाठी ठेवले आणि मग गरोदर नसल्याचं कबूल केलं. 27 जुलै 1794 ला तिचं शिर उडवलं गेलं. हे शिरच्छेदांचं सत्र चालवणारा क्रांतीचा पुढारी रोबेस्पिएर सत्तेवरून पडला तो त्याच दिवशी. ज्या कुटुंबाने हे सोसलं त्याच्या इतिहासावर 'खंड नाही' अशी पट्टी चिकटवणं मला तरी चुकीपेक्षा जास्त खटकतं.

'एकच रक्त'

मुख्य मुद्दा इथे आहे, म्हणून जरा सावकाश.

पंधराव्या शतकात एकदा गादी मुलीवर आली होती, क्लोदीनवर. तिचं लग्न लांबेर नावाच्या भाऊबंदाशी, म्हणजे ग्रिमाल्डीशीच लावून प्रश्न घरातल्या घरात मिटवला गेला. 1715 मध्ये मात्र ते जमलं नाही. आंत्वान पहिला याला मुलीच. भाऊ चर्चच्या सेवेत, म्हणजे तिकडूनही वंश चालणार नाही. मग थोरली लुईझ-इप्पोलीत हिच्यासाठी नॉर्मंडीतला एक गबर सरदारपुत्र शोधला, जाक द मातिन्यों. अट एकच, पण ठसठशीत: जावयाने आपलं नाव आणि कुलचिन्ह सोडून ग्रिमाल्डींचं घ्यायचं. आपल्याकडचा घरजावई सासऱ्याच्या घरी राहायला येतो, आडनाव आपलंच लावतो. इथे आडनावच बदलायचं होतं.

1731 मध्ये आंत्वान गेला, लुईझ-इप्पोलीत गादीवर आली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये देवीच्या रोगाने तीही गेली. जाक काही काळ राज्यकर्ता राहिला, पण मोनॅकोत त्याचा जीव रमेना. तो निघून गेला आणि 1733 मध्ये जेमतेम तेरा वर्षांच्या मुलासाठी त्याने गादी सोडली. पॅरिसमधला त्याचा वाडा मात्र जुन्याच नावाने ओळखला जातो. 'मातिन्यों' म्हणजे आज फ्रान्सच्या पंतप्रधानांचं निवासस्थान.

तेव्हा 1731 नंतरचे सगळे 'ग्रिमाल्डी' पुरुषवंशाने मातिन्यों. पण ही मालिकाही पुढे संपलीच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युवराज लुई अविवाहित होता. त्याच्यानंतर हक्क जात होता वडिलांच्या आत्याच्या मुलाकडे, उराखच्या ड्यूककडे, म्हणजे एका जर्मन सेनापतीकडे. हाच तो गृहस्थ, ज्याला 1918 मध्ये लिथुआनियाने राजा म्हणून निवडलं होतं. पहिलं महायुद्ध चालू असताना आपल्या दाराशी जर्मन राजा बसलेला फ्रान्सला चालणार होता थोडाच! जुलै 1918 च्या करारात वारसदार फ्रान्सच्या संमतीनेच ठरेल अशी तजवीज झाली. मग लुईची शार्लोत पुढे आणली गेली. अल्जीरियात सैन्यात असताना मारी ज्युलिएत लुवे हिच्यापासून त्याला 1898 मध्ये झालेली ही मुलगी. घराण्याचा नियम दत्तकासाठी बदलला आणि मे 1919 मध्ये लुईने स्वतःच्याच मुलीला रीतसर दत्तक घेतलं.

इथे मला साताऱ्याची आठवण होते. 1848 मध्ये तिथल्या छत्रपतींनी मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक डलहौसीने नामंजूर केला. मोनॅकोचा दत्तक फ्रान्सने आनंदाने मंजूर केला. शेजाऱ्याला गादी हवी असली की दत्तक अवैध, गादीवरचा दुसरा माणूस नको असला की वैध.

1920 मध्ये शार्लोतचं लग्न पिएर द पोलिन्याकशी झालं. लग्नाच्या तोंडावर पिएर मोनॅकोचा नागरिक झाला आणि फर्मानाने ग्रिमाल्डी झाला. दुसरा जावई, तीच अट. त्यांचा मुलगा रेनिए तिसरा, म्हणजे ग्रेस केलीचा नवरा, आणि नातू आजचा अल्बर्ट दुसरा. पुरुषवंश मोजायचाच तर अल्बर्ट पोलिन्याक ठरतो. आणि तिथेही थांबता येत नाही, कारण मूळ पोलिन्याकांचा पुरुषवंश मध्ययुगातच संपला होता. शालांसों घराण्याने ते नाव वारशाने घेतलं!

आता या मजकुराखाली प्रतिक्रियांमध्ये उलटं टोक गाठणारेही भेटतात: 'म्हणजे सगळे तोतये!' हेही चूक. लुईझ-इप्पोलीत आणि शार्लोत या दोन बायकांमधून अल्बर्टचं नातं क्लोदीन-लांबेरपर्यंत सरळ पोचतं. मुलीकडून आलेलं रक्त हे रक्त नव्हे, असं मानणाऱ्यालाच इथे तोतये दिसतील. सातशे वर्षं टिकलं ते नाव, आणि तेही लग्नाच्या करारांतल्या अटींवर.

'युरोपातलं सर्वांत जुनं राजघराणं'

'राज' या शब्दापासूनच अडचण. मोनॅकोचे ग्रिमाल्डी पहिली तीन शतकं नुसते किल्ल्याचे धनी होते. 'प्रिन्स' हे पद 1612 मध्ये ओनोरे दुसऱ्याने लावायला सुरुवात केली. जुनेपणाचं म्हणाल तर स्पेनचा फेलिपे सहावा पुरुषवंशाने नवव्या शतकातल्या रोबेर ल फोर या सरदारापर्यंत जातो. लक्झेंबर्गचं घराणं नाव लावतं नासाऊ, पुरुषवंश मात्र बूर्बों-पार्माचा. नाव एक आणि वंश दुसरा, ही एकट्या मोनॅकोची खोड नव्हे.

'वारस संपला की फ्रान्स गिळणार'

जुनी बातमी. 1918 च्या करारात गादी रिकामी झाल्यास मोनॅको फ्रान्सच्या संरक्षणाखालचं स्वायत्त राज्य होईल, असं कलम होतं. ऑक्टोबर 2002 मध्ये नवा करार झाला आणि ते गेलं. वारस असो वा नसो, मोनॅकोचं सार्वभौमत्व आता कायम राहतं. शिवाय त्याच वर्षी राज्यघटना बदलून राज्यकर्त्याला थेट वारस नसेल तर गादी त्याच्या बहीण-भावांकडे आणि त्यांच्या मुलांकडे जाईल अशी सोय केली गेली. त्या वेळी अल्बर्ट अविवाहित होता आणि त्याला दोन बहिणी होत्या, हे लक्षात घेतलं की घाई कशाची होती ते कळतं. 2014 मध्ये त्याला जुळी झाली, मुलगी दोन मिनिटं आधी. युवराज मात्र मुलगाच, कारण भाऊ असला तर आधी भाऊ हा नियम तसाच आहे.

त्याच दुरुस्तीत दत्तकाने वारस नेमण्याची वाटही बंद झाली. हा नियम 1919 मध्ये असता तर शार्लोत गादीच्या आसपासही पोचली नसती, आणि त्या मजकुराखालच्या फोटोतली नवरी मोनॅकोत आलीच नसती.