‘गेजवर १०० आला की रोटरी इंजिन ठीक’: हा सल्ला कुठे कुठे चुकतो

माझदाच्या आरएक्स-७ आणि आरएक्स-८ या गाड्यांच्या रोटरी इंजिनांबद्दल एक सल्ला सगळीकडे फिरतोय. या इंजिनात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर ‘हाउसिंग’ नावाच्या कवचात फिरतो. इंजिन नव्याने बांधून आलं की साधा कॉम्प्रेशन गेज (आतला दाब मोजणारं उपकरण) लावा. काटा १०० पीएसआयच्या वर गेला तर आतून सगळं ठीक, खाली राहिला तर अपेक्स सील (रोटरच्या टोकावरची पट्टी) तुटलं. ऑइल ओतून आकडा वाढला तर खात्रीच झाली. तरी शंका असेल तर दोन हजार किलोमीटर चालवा, सील बसतील. हे सगळं पिस्टन इंजिनाचं शहाणपण आहे. रोटरीला ते लावलं की चांगली इंजिनं उगाच उघडली जातात आणि फुटकी रस्त्यावर धावत राहतात.

आधी तो १०० चा आकडा. आरएक्स-८ च्या रेनेसिस इंजिनाची किमान मर्यादा ६८० किलोपास्कल आहे, म्हणजे जवळपास १०० पीएसआय. पण ती इंजिन गरम असताना आणि २५० आरपीएमला मोजायची. बॅटरी उतरलेली किंवा स्टार्टर थकलेला असेल तर इंजिनाचा शाफ्ट २०० आरपीएमनेच फिरतो आणि धडधाकट इंजिनही नापास होतं. शिवाय १३बी टर्बो इंजिन असलेल्या १९९० च्या दशकातल्या आरएक्स-७ ची किमान मर्यादा चौरस सेंटिमीटरला ६ किलो, म्हणजे ८५ पीएसआयच आहे. आरपीएमशिवाय सांगितलेल्या आकड्याला काही किंमत नाही.

खरी गफलत पुढे आहे. एका रोटरला तीन बाजू असतात आणि तिन्ही एकाच प्लगसमोरून जातात. साध्या गेजमध्ये हवा परत न सोडणारा छोटा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे काटा तिघांतल्या सर्वांत चांगल्या बाजूवर जाऊन थांबतो. खरे दाब ११०, ६०, ६० असले तरी गेज ११०च दाखवणार! इंजिन फुटलेलं असताना ‘पास’ म्हणणारी चाचणी हीच.

तो व्हॉल्व्ह काढून टाका. फ्युएल पंप आणि इग्निशन बंद करा, एक प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. काटा उड्या मारेल. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करा आणि दर तीन उड्यांचा गट पाहा. शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला एक उडी, म्हणून दहा सेकंदांत साधारण ४२ उड्या आल्या तर २५० आरपीएम. व्हॉल्व्ह नसताना आकडे खरे मिळत नाहीत, मिळतो तो आकृतिबंध. आकड्यांसाठी तिन्ही बाजू वेगळ्या दाखवणारा रोटरीचा डिजिटल टेस्टरच हवा. रेनेसिसमध्ये एकाच रोटरच्या बाजूंमध्ये १५० आणि दोन रोटरमध्ये १०० किलोपास्कलपेक्षा जास्त फरक चालत नाही.

‘कमी म्हणजे अपेक्स सील’ हेही अर्धवट आहे. अपेक्स सील दोन बाजूंच्या मधोमध असतं, म्हणून ते तुटलं की शेजारच्या दोन बाजू एकदम पडतात आणि तिसरी ठीक राहते. रोटरच्या कोपऱ्यातलं कॉर्नर सील अडकलं तरी असंच दिसतं. फक्त एकच बाजू पडली तर संशय साइड सीलवर (रोटरच्या सपाट अंगावरची पट्टी): कार्बनने चिकटलेलं, किंवा बांधताना कॉर्नर सीलशी फट जास्त राहिलेलं. ही फट ०.०५ ते ०.१५ मिमी हवी, ०.४ च्या पुढे सील बाद. आणि तिन्ही बाजू सारख्याच कमी असतील तर सर्वांत आधी इंजिन ‘फ्लड’ झालंय (आत पेट्रोल साचलंय) का ते पाहा, मग क्रँकिंगचा, म्हणजे स्टार्टरने शाफ्ट फिरण्याचा वेग, आणि मग हाउसिंगची झीज.

फ्लडिंगमध्ये पेट्रोलने सीलवरचं ऑइल धुतलं जातं आणि कॉम्प्रेशन कोसळतं, तुटलेलं काहीच नसताना. प्लग काढून, पंप बंद ठेवून सेल्फ मारा, पेट्रोल बाहेर पडू द्या. मग प्रत्येक हाउसिंगमध्ये ५ ते १० मिली इंजिन ऑइल घालून पुन्हा फिरवा. ऑइलने आकडा वाढण्याचा सीलच्या निदानाशी संबंध नाही: ऑइल अपेक्स, कॉर्नर, साइड अशा सगळ्याच फटी थोडा वेळ बुजवतं.

कॉम्प्रेशनला न दिसणारे दोन बिघाड बांधलेल्या इंजिनात नेहमीचे. पहिला कुलंट सीलचा, म्हणजे थंड करणारं पाणी आत शिरू न देणाऱ्या सीलचा. १९८६ नंतरच्या १३बी मध्ये या सीलची खाच लोखंडी साइड हाउसिंगमध्ये आहे. गंजून खाचेची भिंत तुटलेली असताना तेच हाउसिंग पुन्हा वापरलं, तर नवं सीलही टिकत नाही. आकडे उत्तम येतात, पण थंड इंजिन सुरू होताना एक रोटर अडखळतो, पांढरी वाफ येते, कुलंटच्या बाटलीत बुडबुडे दिसतात. कूलिंग सिस्टिमला दाब देऊन गाडी रात्रभर ठेवा आणि सकाळी प्लग काढून भोकात ओल पाहा.

दुसरा शाफ्टच्या एंड प्लेचा, म्हणजे पुढे-मागे हलण्याच्या मोकळिकीचा. पुढचा बोल्ट आवळताना थ्रस्ट बेअरिंग जागेवरून सरकून चेपलं जातं. डायल गेज लावून शाफ्ट पुढे-मागे ढकला: ०.०४ ते ०.०७ मिमी हवं, ०.०९ च्या पुढे नको. क्लच दाबल्यावर आयडल दबत असेल आणि ऑइलमध्ये धातूची चमक असेल, तर इंजिन तिथेच थांबवा.

राहिला ‘चालवत राहा’ हा उपाय. तिन्ही बाजू सारख्या, किंचित कमी असतील तर सील घासून बसतात आणि आकडा चढतो, इतपत तो खरा. दोन बाजू पडलेल्या असताना मात्र तो घातक आहे. सीलचा तुकडा हाउसिंगच्या क्रोमवर ओरखडे काढतो, रोटरला खड्डे पाडतो आणि एक्झॉस्टमधून टर्बाइनच्या पात्यांवर आदळतो. सीलच्या सेटच्या खर्चात सुटणारं काम मग हाउसिंग, रोटर आणि टर्बोपर्यंत जातं.

आरएक्स-७ च्या १३बी मध्ये उघडण्याआधी अजून एक खात्री करता येते. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढा, शाफ्ट हाताने फिरवा आणि पोर्टमधून दिसणारं प्रत्येक अपेक्स सील पातळ लाकडी काडीने दाबा. ते आत जाऊन स्प्रिंगने परत यायला हवं. रेनेसिसचे एक्झॉस्ट पोर्ट बाजूच्या भिंतीत असल्याने ही सोय तिथे नाही, प्लगच्या भोकातून कॅमेरा घालावा लागतो. त्यासाठी खालच्या, लीडिंग प्लगचं भोक वापरा. वरचं त्यापेक्षा लहान असतं.