‘पोरांना मोबाईल येतो, मग संगणक कशाला?’

सातारा-सांगलीकडच्या पालकांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या एका मजकुराचा सारांश असा: जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत संगणक शिकवणं म्हणजे पैशाची नासाडी. पोरांना मोबाईल येतोच. तीन मशीनवर तीस पोरं शिकत नसतात. नेट नसेल तर कॉम्प्युटर काय कामाचा? आणि शेवटी सगळी मशीनं धूळच खातात. यातलं शेवटचं वाक्य निम्मं खरं आहे. बाकीचं बघू.

‘मोबाईल येतो.’ म्हणजे काय येतं? बोट सरकवणं आणि माईकचं चिन्ह दाबून हवा तो व्हिडिओ बोलून मागवणं. अशाच चौथीतल्या मुलाला चित्र काढून ‘सेव्ह कर, बंद कर, परत उघड’ म्हणा, तिथंच गाडं अडतं. आपली फाईल कुठं गेली हे फोन सहसा दाखवतच नाही, त्यामुळे फोल्डर ही कल्पनाच नवी असते. म्हणून पहिला धडा चित्रकलेचा नको. इयत्तेचा फोल्डर, त्यात स्वतःच्या नावाचा फोल्डर, आणि त्यात ठेवलेली फाईल दुसऱ्या दिवशी कुणाला न विचारता शोधून काढणं, एवढाच असावा.

डबल-क्लिकचंही तसंच. बोट हळू चालतं हे अर्धंच कारण. दोन क्लिकच्या मध्ये लहान हात माऊस हलवतो, मग चिन्ह सरकतं किंवा नाव बदलायची चौकट उघडते. सेटिंगमध्ये डबल-क्लिकचा वेग कमी करा, नाहीतर एकदा क्लिक करून एंटर दाबायला शिकवा. काही बिघडत नाही.

मराठी टायपिंग तर फोनवर बोलून लिहिणाऱ्याला सहसा येतच नाही. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्डवर स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, इतकी सरळ मांडणी आहे. अडचण येते ती ऱ्हस्व वेलांटीला. वहीत ती अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून मूल ती आधी दाबतं. शब्दाच्या सुरुवातीला असं केलं तर ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं, आणि शब्दाच्या मध्ये केलं तर वेलांटी मागच्या अक्षराला चिकटते. ‘कविता’चं ‘किवता’ होतं ते असं. नियम एकच सांगायचा: डोळ्याला दिसतं त्या क्रमानं नाही, तोंडानं उच्चारतो त्या क्रमानं टाइप करायचं. क, मग व, मग वेलांटी, मग त, मग काना. जोडाक्षरालाही हेच: क, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), ष दाबलं की ‘क्ष’. ज्या मुलाला हे कळलं त्याला शुद्धलेखनातही मदत होऊ शकते, कारण शब्द फोडून ऐकायची सवय लागते.

‘तीन मशीन, तीस पोरं.’ हिशेब मांडा. एका मशीनवर दोघं, म्हणजे एका वेळी सहा जण. ४५ मिनिटांच्या तासिकेत पंधरा-पंधरा मिनिटांच्या तीन फेऱ्या, म्हणजे १८ मुलं. आठवड्याला दोन तासिका दिल्या की सगळा वर्ग होऊन सहा जागा उरतात. एकाच्या हाती माऊस, दुसऱ्यानं फक्त तोंडानं सांगायचं, सात मिनिटांनी अदलाबदल. सांगणाऱ्यानं स्क्रीनला बोट लावायचं नाही, ही अट पाळायला लावाच. नाहीतर चलाख मूल सगळं करतं आणि दुसरं बघत बसतं.

बाकीचे तोवर काय करतात? पुठ्ठ्याची पाच कार्डं करा, त्यांवर १६, ८, ४, २, १ ठिपके काढा आणि मागची बाजू कोरी ठेवा. पाच मुलं ओळीनं कार्डं धरून उभी. १९ हवेत? १६, २ आणि १ पुढे, बाकी दोन उलटी. या पाच कार्डांत ० ते ३१ सगळे आकडे बसतात, म्हणजे कुणाच्याही वाढदिवसाची तारीख बसते. संगणकही आकडे असेच, चालू आणि बंद अशा दोनच खुणांनी साठवतो, ते वीज न लागता कळलं.

‘नेट नाही.’ स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्राम करायला शिकवणारं साधन, ऑफलाइन चालतं. जुन्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स असेल तर स्क्रॅचचंच टर्बोवार्प हे रूप वापरा. मराठी विकिपीडिया किविक्स या नेटशिवाय वाचायच्या ॲपसाठी एका फाईलीत उतरवून पेनड्राइव्हनं शाळेत नेता येतो. लाईट जाण्याचा प्रश्न नेटपेक्षा मोठा, पण तोही आकड्यांत मावतो: तीन डेस्कटॉप मिळून सुमारे ३०० वॅट. इन्व्हर्टरच्या १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरीतली निम्मी वीज वापरली तरी अडीचेक तास निघतात.

आता धूळ. खरेदीला पैसे मिळतात, दुरुस्ती कुणी करायची हे ठरलेलं नसतं, हा आरोप मान्य. पण ‘बंद’ म्हणून कोपऱ्यात गेलेली पुष्कळ मशीनं बंद नसतातच. मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवरचा, सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपला की तारीख मागे जाते, संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रं त्या तारखेशी जुळत नाहीत, पानं उघडत नाहीत, आणि सगळे म्हणतात नेट गेलं. सेल बदलून तारीख लावली की झालं. पाटण-जावळीच्या पावसात मशीन चालू होऊन स्क्रीन काळीच राहिली तर वायर काढून रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, बाहेर घ्या, तिची सोनेरी कड खोडरबरनं पुसा, परत बसवा. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा अर्धा तास मशीन चालवलं तर दमटपणा धरत नाही.

जत, आटपाडी, माण या कोरड्या तालुक्यांत उलटं. उन्हाळ्यात माती कोरडी पडून अर्थिंग कमजोर होतं आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. पोरांचा विषय आहे, तेव्हा हे हसण्यावारी नेऊ नका. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजून घ्या. तो ३ व्होल्टच्या आत हवा. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायचं काम जूनआधी करा. कृष्णाकाठच्या शाळांनी २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेत. तिथं मशीनं तळमजल्यावर ठेवूच नयेत. मे महिन्याच्या सुट्टीआधी इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण चार्ज करून, डिस्टिल्ड वॉटर बघूनच कुलूप लावावं. रिकामी पडून राहिलेली बॅटरी जूनमध्ये उठत नाही.