कार्बनची फ्रेम पावडर कोटिंगच्या भट्टीत घालू नका

माझ्या भाच्याने जुनी ट्रेक 2100 सायकल घेतली आहे. फ्रेमच्या मुख्य त्रिकोणाच्या तीन नळ्या कार्बन फायबरच्या, मागचा भाग आणि लग (नळ्या जोडणारे सांध्याचे तुकडे) अ‍ॅल्युमिनियमचे, सांधे एपॉक्सी गोंदाने चिकटवलेले. काल त्याने ग्रुपवर फिरणारा मेसेज पाठवून विचारलं, "मामा, उद्या टाकू का कोटिंगला?" मेसेज म्हणतो: 'अशी फ्रेम अलॉय व्हीलसारखीच. पेंट रिमूव्हर लावा, सँडब्लास्ट करा, पावडर कोटिंग करा. कार्बन वीजवाहक आहे, पावडर मस्त बसते.'

अरे, अजिबात टाकू नकोस!

पावडर कोटिंग म्हणजे रंगाची कोरडी पूड विजेच्या भाराने चिकटवायची आणि भट्टीत वितळवून पक्की करायची. त्या पावडरच्या खोक्यासोबत येणारी माहितीपत्रिका एकदा वाचा. नेहमीच्या पॉलिएस्टर पावडरला साधारण 200 अंश सेल्सियसला 10 मिनिटं लागतात, आणि हे तापमान भट्टीतल्या हवेचं नाही, खुद्द धातूचं. साध्या तापमानाला सुकणारे बरेच एपॉक्सी गोंद 100 अंशांच्या आतच मऊ पडू लागतात. त्यात 30 मिलिमीटर व्यासाचा अ‍ॅल्युमिनियमचा लग एवढ्या उष्णतेने सुमारे 0.12 मिलिमीटर रुंदावतो, कार्बन त्या मानाने फारच कमी पसरतं. म्हणजे गोंद सर्वांत कमजोर असताना सांधा ओढला जातो. फ्रेम भट्टीतून चकचकीत बाहेर येते, बाहेरून काहीच कळत नाही, आणि सांधा सुटतो तो उतारावर, ब्रेक दाबल्यावर. कमी तापमानाच्या पावडरी असतात, मान्य. पण त्याही 120 अंशांच्या आसपास पकतात आणि मुख्यतः एमडीएफसाठी (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळ्यांसाठी) वापरतात.

कार्बन वीजवाहक आहे हे खरं. पण त्याच गुणामुळे घाम किंवा किनाऱ्यावरची खारी हवा सांध्यात शिरली की अ‍ॅल्युमिनियम गंजतं.

सँडब्लास्टने, म्हणजे वाळूच्या जोरदार माऱ्याने, कार्बनचे तंतू धरून ठेवणारं रेझिन उडतं आणि तंतू कापले जातात. मिथिलिन क्लोराइडचा रिमूव्हर रंगासोबत एपॉक्सीही खातो. माणसं दगावल्यामुळे अमेरिकेत 2019 साली त्याची घरगुती विक्री बंद केली.

मग करायचं काय? पाण्याचा पॉलिशपेपर, 320 नंबरचा आणि मग 400 चा, हातानेच. तंतू दिसायच्या आत थांबायचं. मास्क हवाच. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर एपॉक्सी प्रायमर, वर टू-के रंग (हार्डनर मिसळून वापरायचा), साध्या तापमानाला सुकवायचा. त्याची वाफ फुप्फुसांना घातक, म्हणून फवारणी चांगल्या पेंटरकडून करून घे. आणि त्याआधी लगच्या कडेला पांढरी पूड किंवा रंगाचे फोड दिसतात का बघ. दिसले तर रंगाचं राहू दे, आधी तो सांधा कार्बन दुरुस्त करणाऱ्याला दाखव.